मगदूमबाईंचं नेट का तुटतं

अभिनंदन मगदूमला या व्यवहारात काय मिळणार होतं ते आधी पाहू, म्हणजे पुढे त्याची कीव करायची की नाही हे ज्याचं त्याला ठरवता येईल.

पहिली गोष्ट, रोज संध्याकाळी आईला फोन करणं वाचणार होतं. जेवलीस का, गोळी घेतलीस का, झोप लागली का, हे प्रश्न वाचणार होते आणि त्यांची लांबलचक उत्तरंही. आईला सांगलीहून पुण्याला आणलं तर दोन खोल्यांच्या घरात तिला झोपवायचं कुठे, हा विषय मिटणार होता. बेळगावची थोरली बहीण त्रिशलाअक्का वडील गेल्यापासून "तुला जमत नाही ना, मग मी नेते आईला" असं दर सणाला सुनावत होती, ती गप्प बसणार होती. आणि सगळ्यात मोठा लाभ म्हणजे आईकडे न जाता, तिच्याशी न बोलता तो चांगला मुलगा ठरणार होता. नातेवाइकांत या पदाला फार मान असतो, पण ते मिळवायला वेळ फार जातो. अभिनंदनने तो वेळ वाचवायची युक्ती काढली होती.

युक्ती म्हणजे घरात नवा डबा आणून बसवला असं नाही. घरात वायफाय असतं म्हणजे घर रेडिओलहरींनी भरलेलं असतं. राउटरमधून निघालेली लहर सरळ कॉम्प्युटरकडे जाते. शिवाय भिंतीवर, कपाटावर, माणसाच्या अंगावर आपटून वाकड्या वाटेनेही पोचते. कॉम्प्युटरमधलं वायफाय कार्ड हे सगळे प्रतिध्वनी एकत्र ऐकतं. माणूस हलला की प्रतिध्वनी बदलतात. अगदी स्वस्थ बसला तरी श्वासागणिक त्याची छाती काही मिलिमीटर पुढेमागे होतेच, आणि तेवढ्यानेही ते बदलतात. हृदयाचा ठोका त्याहून बारीक, पण नीट ऐकलं तर तोही सापडतो. जुनी कार्डं या बदलांना गोंगाट समजून टाकून देत. नव्या कार्डांना तो गोंगाट साठवता येऊ लागला आणि बघता बघता गोंगाटालाच भाव आला.

अभिनंदनचं पोटापाण्याचं कामच ते. लिनक्स या प्रणालीवर चालणाऱ्या कॉम्प्युटरांना अशी कार्डं वापरता यावीत म्हणून तो पुण्यात बसून ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे प्रोग्राम, लिही. आईच्या कॉम्प्युटरमधल्या कार्डाच्या चिपमध्येच त्याने स्वतःचा एक छोटा प्रोग्राम घालून ठेवला. नाव दिलं 'सोबत'. आई जागी आहे, झोपली आहे, चालते आहे, श्वास ठीक आहे, सगळं त्याच्या हातातल्या घड्याळावर उमटे. त्रिशलाअक्काला त्याने ते दाखवलं तेव्हा तिने एकच अट घातली. "हे कधी बंद केलंस तर मला कळलं पाहिजे. आणि बंद झालं की मी गाडी काढून आईला न्यायला येणार." त्याने तशी सोयही करून दिली. सोबत बंद केली की अक्काच्या फोनवर आपोआप निरोप जाई.

आईला मात्र दोघांनीही सांगितलं नाही. कारण पूर्वी एकदा अभिनंदनने कॅमेऱ्याची गोष्ट काढली होती आणि विजयमालाबाई मगदूम चष्मा काढून त्याच्याकडे बघत म्हणाल्या होत्या, "उभा जन्म कोर्टात गेला माझा. वॉरंटाशिवाय आरोपीच्या घरातसुद्धा कुणी शिरत नाही. आणि तू माझ्या घरात डोळा बसवणार होय?"

"नाही बसवत कॅमेरा, आई. शब्द देतो."

शब्द त्याने अक्षरशः पाळला. कॅमेरा बसवला नाही.

विजयमालाबाई जिल्हा न्यायालयात लघुलेखिका होत्या. निवृत्तीनंतर या कलेला कुणी विचारणार नाही असंच त्यांना वाटलेलं. पण मधल्या काळात एक गंमत झाली. ऐकून लिहिणारी यंत्रं इतकी हुशार झाली की ती नुसतं लिहून घेईनात. उत्तर चुकत असलं तर हळूच सुधारून लिहू लागली. अंध उमेदवारांच्या परीक्षांत त्यावरून गोंधळ झाला आणि परीक्षा मंडळाने यंत्रं काढून टाकून पुन्हा माणूस बसवला. लेखनिक. उमेदवार आपल्या गावातल्या केंद्रात बसून सांगणार, लेखनिक आपल्या घरी बसून लिहिणार. ओळखदेख नको, जवळीक नको, म्हणून हे अंतर.

लेखनिकाचा कॉम्प्युटर लिनक्सचाच हवा असा नियम, कारण त्यात काय काय चालतं हे मंडळाला उघडून बघता येतं. तपासणी झाली की मंडळाचा माणूस सील लावून जाई. बाहेरून काही जोडायची सगळी भोकं बंद, म्हणजे नेटची वायरसुद्धा नाही. जे काय ते वायफायवर. कार्डाच्या चिपमध्ये डोकावायचं मात्र मंडळालाही सुचलं नव्हतं. आणि लेखनिकाने सही करायची: या खोलीत माझ्याखेरीज कोणीही, कोणतंही यंत्र मला पाहत वा ऐकत नाही. विजयमालाबाईंनी ही ओळ वाचली, पुन्हा वाचली आणि मग वळणदार सही केली. खोटं असेल अशा कागदावर त्यांनी जन्मात सही केली नव्हती.

त्यांच्या वाट्याला आली ती जतची निलोफर जमादार. जन्मांध, वकील, आणि आता न्यायाधीशपदाच्या परीक्षेला बसलेली. वयाच्या अटीत तिची ही शेवटची संधी. एकमेकींच्या आवाजाची सवय व्हावी म्हणून मंडळ परीक्षेआधी काही दिवस सराव करू देई. सराव सुरू झाला आणि नेट तुटू लागलं.

"अभी, हे नेट मधेच जातंय बघ."

"रीस्टार्ट केलंस?"

"केलं."

"राउटर?"

"तोही केला. आता मीच तेवढी राहिले आहे रीस्टार्ट करायची."

"केव्हा जातं?"

"ते माहीत असतं तर तुला कशाला विचारलं असतं? जातं, थोड्या वेळाने आपणच येतं. सकाळी पेपर वाचते तेव्हा नाही. त्रिशलाशी बोलते तेव्हा नाही. ही मुलगी सांगायला बसली की जातं. परवा 'प्रतिवादीने' म्हणाली आणि गेलं. परत आलं तेव्हा ती 'म्हणून हा दावा फेटाळण्यात यावा'वर पोचली होती. मधला सगळा खटला हवेत."

अभिनंदन हसला. मग त्याला एक शंका आली. ती त्याने यादीत सगळ्यात शेवटी टाकली, खिशातली किल्ली आपण आधी सगळ्या घरात शोधतो तशी.

शनिवारी तो सांगलीला आला. सील असल्यामुळे त्याला मशीनमध्ये काही बदलता येत नव्हतं, पण लॉग वाचता येत होता. लॉग म्हणजे मशीन स्वतःशीच बोलत असते ते बोलणं: आता जोडणी झाली, आता तुटली, आता पुन्हा शोधतो आहे. सिग्नल भरपूर होता. वीज वाचवायला कार्ड डुलक्या घेतं का ते पाहिलं; घेत नव्हतं. राउटरला दुसऱ्या चॅनलवर नेलं. राउटर टीपॉयवरून कपाटावर ठेवला. मग आईच्या खुर्चीत बसून स्वतः तासभर बोलला, व्हिडिओ पाहिले, मोठमोठ्या फायली ओढल्या. नेट एकदाही तुटलं नाही.

"तू बसलास की शहाण्यासारखं वागतंय," आई म्हणाली. "डॉक्टरच्या दारात गेलं की दाढ दुखायची थांबते तसं."

एवढ्यात शेजारून केक भाजल्याचा वास आला. शेजारच्या संध्या भोसले घरगुती केकच्या ऑर्डरी घेत. अभिनंदनचा चेहरा उजळला.

"भोसलेकाकूंचा मायक्रोवेव्ह! त्याची लहर आणि वायफायची लहर जवळजवळ एकच असते. जुना ओव्हन थोडा गळतो. आई, सापडलं!"

"पण ती मुलगी सांगायला बसते तेव्हाच कसा गळतो रे तो?"

"सराव संध्याकाळी असतो. केकही संध्याकाळीच होत असणार."

हे इतकं पटण्यासारखं होतं की त्याचं त्यालाच पटलं. संध्याकाकूंना बोलावून त्याने सगळं समजावलं. त्या बिचाऱ्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "अहो, मग आधी नाही का सांगायचं! बाईंच्या कामात माझ्या केकने खोडा नको. परीक्षा होईस्तोवर संध्याकाळचं बंद ठेवते."

"ऑर्डरींचं काय करशील?" आईने विचारलं.

"सांगीन काहीतरी लोकांना. त्या पोरीची परीक्षा रोज रोज येते का?"

ओव्हन बंद झाला. सराव सुरू झाला. अभिनंदन स्वयंपाकघरात लॅपटॉपवर राउटरचा लॉग उघडून, चहाचा कप हातात घेऊन, विजयी मुद्रेने बसला.

आतल्या खोलीतून निलोफरचा आवाज येत होता. स्पष्ट, जराही न अडखळणारा. "लिहा बाई. वादी व प्रतिवादी यांच्यातील करार हा तोंडी असला तरी, त्यानुसार उभय पक्षांनी केलेले वर्तन पाहता, आणि विशेषतः..."

लॉगमध्ये ओळ उमटली. कार्डाने आपलं चॅनल सोडलं. जोडणी तुटली.

त्याने दारातून आत पाहिलं. आईची पाठ ताठ, मान किंचित कलती, डोळे कागदावर. ती आधी पेन्सिलीने लघुलिपीत घेई, परत वाचून दाखवी आणि मग टाइप करी. कोर्टातली जुनी पद्धत. पेन्सिल आवाजाबरोबर पळत होती, मग आवाज गेला तशी थांबली. आणि तेव्हा कुठे आईने श्वास सोडला.

श्वास सोडला. म्हणजे इतका वेळ तो धरलेला होता.

त्याला लहानपणीचं आठवलं. आईचे गुरू शेंडुरे सर घरी येत, ते मोठ्या ऐटीत सांगत, "साहेबाचं वाक्य चालू आहे तोवर आपला श्वास आपला नाही. श्वास घ्यायला गेलात की एक शब्द सुटतो." त्यांच्या हाताखाली शिकलेल्या सगळ्या मुली वाक्य सुरू झालं की श्वास रोखत आणि पूर्णविरामाला सोडत. एकेका न्यायाधीशाची वाक्यं पानभर लांब असत. आईची छाती त्यात तयार झाली होती.

आणि सोबतला हे कुणी शिकवलं होतं? तिला एवढंच ठाऊक, की म्हातारं माणूस हलत नाही, श्वास दिसत नाही, म्हणजे जवळून बघायला हवं. जवळून बघायचं तर कार्डाला नेटचं काम सोडून सगळा वेळ माणसाकडे लावावा लागतो. लहरींचा भडिमार करून छाती शोधावी लागते. अर्धा-पाऊण मिनिट. तोवर आई श्वास सोडे, सोबतला हायसं वाटे आणि ती नेट परत जोडून देई. सगळं ठीक आढळल्यामुळे अभिनंदनला कळवायची गरजही तिला वाटत नसे. त्याने सोबतची स्वतःची नोंद उघडली. 'जवळून पाहिले. ठीक.' सरावाच्या प्रत्येक दिवशी, ओळीने.

चहा गार झाला.

"अभी, सापडलं का रे?" आतून हाक आली.

आता इथे त्याला बोलता आलं असतं. पण बोलायचं म्हणजे काय काय बोलायचं? आईला दिलेल्या शब्दाबद्दल बोलायचं. तिने केलेल्या सहीबद्दल बोलायचं. ती सही आपल्यामुळे खोटी ठरली हे सांगायचं. चिप साफ करायची तर सील तोडायला हवं, आणि सील तोडलं की मंडळ विचारणार, का? परीक्षेपुरती सोबत नुसती बंद ठेवावी, तर अक्काला निरोप जाणार आणि ती विचारणार, का? जिकडे जावं तिकडे 'का' उभा.

"सापडत आलंय," तो म्हणाला.

त्याने मधला मार्ग काढला. हुशार माणसाला मधला मार्ग नेहमी सापडतो. श्वास किती वेळ दिसला नाही म्हणजे जवळून पाहायचं, हा आकडा राउटरमध्ये होता, आणि राउटरला सील नव्हतं. त्याने तो आकडा तिप्पट करून ठेवला. पुढचा सराव एकदाही न तुटता पार पडला.

"काय केलंस?" आईने विचारलं.

"राउटरची एक सेटिंग होती."

"शाबास. मला काही कळणार नाही, पण शाबास." मग ती स्क्रीनकडे वळून निलोफरला म्हणाली, "पोरी, माझा मुलगा पुण्याहून आला होता बघ मुद्दाम. आता काळजी नको. आयुष्यभर न्यायाधीशांची वाक्यं लिहिली मी. एक न्यायाधीश माझ्या हातून होऊन जाऊ दे."

"मी झाले की तुमच्या साहेबांसारखी लांब वाक्यं नाही सांगणार, बाई."

"सांगायचीच. त्याशिवाय निकालाला वजन नाही."

दोघी हसल्या. अभिनंदनही हसला, आणि संध्याकाकूंना ओव्हन पुन्हा सुरू करायला सांगायचं विसरून पुण्याला गेला.

सोबत लिहिताना त्याने एक कलम मोठ्या अभिमानाने घातलं होतं. माणसाने ठरवलेल्या आकड्यापेक्षा धोका मोठा दिसला, तर आकडा बाजूला ठेवायचा. श्वास थांबलेला आणि त्याच वेळी हृदय पळत असलेलं, म्हणजे झटका असू शकतो. तेव्हा वाट पाहायची नाही. शहाणं कलम होतं. सरावाच्या वेळी आईचं हृदय संथ असे, म्हणून ते झोपून राहिलं.

परीक्षेच्या दिवशी विजयमालाबाई धुतलेली इरकल नेसून, पेन्सिली टोकदार करून, वेळेच्या कितीतरी आधी खुर्चीत बसल्या. इतक्या वर्षांत कुठल्या साहेबासमोर घाबरल्या नव्हत्या, पण त्या दिवशी त्यांचं हृदय पळत होतं.

अभिनंदन ऑफिसात मीटिंगमध्ये होता. घड्याळ थरथरलं. 'हृदयगती वाढली. श्वास थांबला. जवळून पाहत आहे.' मंडळाचा नियम त्याला पाठ होता: जोडणी तिसऱ्यांदा तुटली की पेपर बंद. पण मग 'ठीक' असं उमटलं. एकदाच. चालायचंच. त्याने समोरच्या तक्त्याकडे पाहून मान हलवली.

तिकडे सांगलीत नेट परत आलं होतं, पण एकदा तुटल्यामुळे विजयमालाबाई अधिकच धास्तावल्या होत्या. आता एक शब्दही सुटता कामा नये म्हणून त्यांनी श्वास आणखी घट्ट धरला. हृदय आणखी जोरात धावू लागलं. सोबतला धोका आणखी मोठा दिसला. तिच्या काळजीने यांची भीती वाढत होती आणि यांच्या भीतीने तिची काळजी.

घड्याळ पुन्हा थरथरलं. या वेळी अभिनंदन उठून बाहेर गॅलरीत आला. फोन काढला. 'सोबत बंद करा' या बटणावर बोट ठेवलं. फोनने विचारलं: 'कारण लिहा. त्रिशला यांना कळवले जाईल.'

बोट तिथेच राहिलं. काय लिहायचं? अक्का लगेच आईला फोन लावणार. आई परीक्षेत आहे म्हणजे उचलणार नाही. मग अक्का भोसलेकाकूंना लावणार, त्या दार वाजवणार, सगळं तिथल्या तिथे बाहेर येणार. तो योग्य वाक्य शोधत होता. चांगल्या मुलाला शोभेल असं.

वाक्य जुळायच्या आत घड्याळ तिसऱ्यांदा थरथरलं.

त्या संध्याकाळी तो सांगलीला पोचला तेव्हा आई इरकल न बदलता खुर्चीतच बसली होती. संध्याकाकू तिच्या शेजारी ओशाळून उभ्या होत्या.

"मी सकाळपासून काहीसुद्धा लावलं नाही हो," त्या अभिनंदनला पाहताच म्हणाल्या. "मिक्सरसुद्धा नाही. गॅसवर भात टाकला तेवढा. भाताने होतं का तसं?"

"नाही काकू. तुमचं काही नाही."

"मग कशाने?"

त्याने खांद्यावरची बॅग उतरवून कोपऱ्यात ठेवली. त्या गेल्या.

"मंडळाचा फोन येऊन गेला," आई म्हणाली. "लेखनिकाच्या बाजूचा दोष आहे असं पुराव्यानिशी दाखवलं, तर त्या मुलीची परीक्षा परत घेतील. पुरावा नाही तर साधी नेटची तूट. संधी गेली ती गेली. तू बघ ना, तुझ्या त्या लॉगमध्ये काहीतरी असेल. माझ्यावर काय यायचं ते येऊ दे."

एवढ्यात निलोफरचा फोन आला. आईने तो स्पीकरवर टाकला.

"बाई, तुम्ही रडत बसला असाल म्हणून केला फोन. बसू नका."

"माझ्याकडून गेलं गं पोरी."

"तुमचा काय दोष? आमच्या घरात तर सगळे म्हणतात, मुलगी न्यायाधीश होणार म्हटल्यावर नेटच घाबरलं." ती हसायचा प्रयत्न करत होती आणि तो जमत नव्हता. "तुम्ही मला परत वाचून दाखवायचात ना, तेव्हा एक शब्द इकडचा तिकडे नसायचा. तेवढं सांगायचं होतं."

"थांब. माझा मुलगा आला आहे. इंजिनिअर आहे. तो शोधून काढील बघ."

फोन बंद झाला. अभिनंदन पलंगाच्या कडेवर टेकला आणि त्याने सांगितलं. आधी कार्डाचं सांगितलं, मग लहरींचं, मग प्रतिध्वनींचं. शास्त्र सांगत राहिलं तर बाकीचं सांगावं लागणार नाही अशी त्याला आशा असावी. आईने सगळं ऐकून घेतलं. शेवटी तिने फक्त विचारायला सुरुवात केली, उलटतपासणीत वकील विचारतात तशी, आवाज न चढवता.

"कधीपासून?"

"बाबा गेल्यानंतर."

"त्रिशलाला ठाऊक आहे?"

"हो."

"भिंतीपलीकडचंही दिसतं?"

"दिसत नाही, आई. कळतं."

"मी न्हाणीघरात असते तेव्हा?"

त्याने मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं.

"झोपते तेव्हा. बरं. रडते तेव्हा?"

"श्वासाचा नमुना बदलतो."

"मग तुला कळलं असणार. तुझे बाबा गेल्यावर मी रोज दुपारी रडत होते. कुणी घरी नसायचं म्हणून तर दुपारी. तुला कळलं?"

कळलं होतं. सोबतने तेव्हा त्याला विचारलंही होतं: हा नमुना नवीन आहे, याला काय नाव द्यायचं? दर दुपारी घड्याळ थरथरे आणि कामात व्यत्यय येई. त्याने 'सर्दी' असं लिहून टाकलं होतं. त्यानंतर सोबतने कधी विचारलं नाही.

"काय लिहिलंस?" आईने विचारलं.

त्याने सांगितलं.

आईने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. मग टेबलाशी वळली, कोरा कागद ओढला, पेन्सिल घेतली.

"सांग. मंडळाला पाठवायचा जबाब. तू सांग, मी लिहून घेते."

"आई, हे पाठवलं तर तुझी सही खोटी ठरेल. यादीतून कायमचं काढतील तुला. काहीतरी दुसरं..."

"सही खोटी ठरणार नाही. खोटीच आहे ती. चल, सांग. मी तयार आहे."

तो सांगू लागला. "मी, अभिनंदन मगदूम, लेखनिक श्रीमती विजयमाला मगदूम यांचा मुलगा, त्यांना कोणतीही कल्पना न देता, त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये, केवळ काळजीपोटी..."

पेन्सिल थांबली.

"काळजीपोटी लिहू की सोयीसाठी?" आईने मान वर न करता विचारलं. "तू म्हणशील ते लिहीन. लघुलेखकाने शब्द बदलायचा नसतो."

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती सुरू झाली आणि गेली.

"सोयीसाठी," तो म्हणाला.

तिने लिहिलं. पुढचं सगळं त्याने सांगितलं तसं लिहिलं आणि शेवटी पहिल्यापासून वाचून दाखवलं. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता.

आता कुणाला काय किंमत पडली ते मांडायला हरकत नाही.

निलोफर जमादारची परीक्षा परत झाली. दुसरा लेखनिक मिळाला. भला माणूस होता, पण प्रत्येक वाक्याला "परत सांगा" म्हणायचा. शेवटचे प्रश्न राहून गेले. निवड यादीत तिचं नाव आलं नाही आणि वयाची अट कुणासाठी थांबत नाही. ती जतला दुसऱ्यांचे दावे चालवते.

संध्या भोसलेंच्या नेहमीच्या काही घरांनी तेवढ्या दिवसांत केक दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली होती, ती परत आली नाहीत. त्यांना खरं कारण अजून कुणी सांगितलेलं नाही. अभिनंदन मन राखायला तसं म्हणाला, आपल्याच घरातल्या कशाने तरी त्या पोरीचं नुकसान झालं असं त्या अजून मानतात, आणि बाईंच्या दारावरून जाताना मान खाली घालतात.

सोबत बंद झाल्याचा निरोप मिळताच त्रिशलाअक्का गाडी घेऊन आली. आई दारात उभी राहून म्हणाली, "तुलाही ठाऊक होतं." अक्का चहा न घेता परत गेली.

विजयमालाबाईंचं नाव यादीतून कायमचं गेलं. कॉलनीत, देवळात, जुन्या कोर्टातल्या लोकांत जो तो विचारी, काम का सोडलंत? त्या सांगत, हात थरथरतो आता, शब्द सुटतात. हात मुळीच थरथरत नव्हता. जन्मात खोट्या कागदावर सही न केलेल्या बाईंनी मुलाचं नाव राहावं म्हणून स्वतःच्या हातावर खोटं घेतलं आणि ते सगळ्यांना पटलंही.

अभिनंदनला मंडळाने काही विचारलं नाही. त्यांच्या नियमांत लेखनिक बसत होता, लेखनिकाचा मुलगा बसत नव्हता. नातेवाइकांत तो अजून चांगला मुलगा आहे. आईला तो रोज संध्याकाळी फोन करतो. ती "बरी आहे" म्हणते आणि ठेवते. ती खरंच बरी आहे की नाही हे कळायला त्याच्याकडे आता काहीच नाही. एवढं सोडलं तर या सगळ्याची किंमत त्याच्याकडे कुणी मागितली नाही.